खडक हे पाणी घेईल का? वीजकेंद्राच्या सांडपाण्याची खोल विहिरीसाठी रासायनिक परीक्षा

नदीत सोडायच्या पाण्याची तपासणी आणि खोल विहिरीत दाबायच्या पाण्याची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीजकेंद्रांच्या प्रयोगशाळा पहिल्या तपासणीत मुरलेल्या असतात. पारा किती, आर्सेनिक किती, सेलेनियम किती, हे त्या अब्जांशापर्यंत सांगू शकतात, कारण परवान्यात तेच विचारलेले असते. विहिरीचा निकाल मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच आकड्यांवर लागतो. बेरियम, स्ट्रॉन्शियम, सल्फेट, सिलिका, विरघळलेले लोह, ऑक्सिजन आणि तरंगता गाळ हे ते आकडे. नदीच्या परवान्यासाठी तयार केलेल्या अहवालात यांतले निम्मे रकाने कोरेच असतात, आणि तोच अहवाल पुढे विहिरीच्या अर्जाला जोडला जातो. महागडी विहीर वर्षभरात तुंबण्याची सुरुवात अशा कोऱ्या रकान्यांत होते.

ह्यूस्टन, टॅम्पा, शिकागो या भागांत वीज आणि जलप्रक्रियेच्या क्षेत्रात काम करणारे मराठी अभियंते व रसायनतज्ज्ञ बरेच आहेत. त्यांतल्या कुणाच्या टेबलावर असे काम आले, तर कुठून सुरुवात करावी, कशावर भर द्यावा आणि कुठे ‘नाही’ म्हणावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

अमेरिकेत ही वाट कायद्याने आखलेली आहे. १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्याखाली तिथली पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, जमिनीखाली द्रव सोडणाऱ्या विहिरींचे नियमन करते. त्यांचे सहा वर्ग आहेत आणि वीजकेंद्रासारख्या उद्योगाच्या खोल विहिरी पहिल्या वर्गात येतात. लिटरमागे १०,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेला, पुरेसे पाणी देऊ शकणारा थर हा आज कुणी पीत नसले तरी पिण्याच्या पाण्याचा स्रोत मानला जातो. पहिल्या वर्गाच्या विहिरीने अशा सर्वांत खालच्या स्रोताच्याही खाली, मध्ये अभेद्य थर राखून, पाणी सोडायचे असते. त्यामुळे या विहिरी साधारण ५०० मीटरपासून तीन किलोमीटरपर्यंत आणि त्याहूनही खोल जातात. त्यांपैकी बहुसंख्य टेक्सास, लुइझियाना आणि फ्लोरिडात आहेत, कारण जाड, सच्छिद्र आणि खारट पाण्याने भरलेले थर तिथे आहेत.

वीजकेंद्रे या वाटेकडे वळली ती नदीची वाट अरुंद झाल्यामुळे. ईपीएच्या २०१५ च्या नियमांनी धूर धुणाऱ्या स्क्रबरच्या सांडपाण्यातील आर्सेनिक, पारा, सेलेनियम व नायट्रेटवर कडक मर्यादा घातल्या. २०२४ च्या नियमाने कोळशावरच्या केंद्रांसाठी स्क्रबरच्या पाण्याचा शून्य उत्सर्ग हेच लक्ष्य ठरवले. पुढच्याच वर्षी संस्थेने त्याच्या मुदतींचा फेरविचार हाती घेतला. मुदती पुढेमागे होतील, पण पाणी रोज तयार होतच राहील.

कोणते पाणी?

वीजकेंद्राचे सांडपाणी असे एकच पाणी नसते. कूलिंग टॉवरचे ब्लोडाउन हे मूळ पाणी अनेक पटींनी आटवलेले असते, म्हणून त्यात सिलिका, कॅल्शियम, क्लोराइड आणि जंतुनाशक व स्केलरोधक रसायने सापडतात. डीएम, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या, प्लांटच्या रिजनरेशनचे पाणी कधी आम्ल, कधी अल्कली आणि शेवटी सोडियम सल्फेटने भरलेले. आरओचा रिजेक्ट स्वच्छ दिसतो, पण क्षारांच्या बाबतीत काठावर उभा असतो. राखेच्या तलावाच्या पाण्यात बोरॉन असते, पीएच चढा असू शकतो. कोळशाच्या ढिगाऱ्यावरून वाहून येणारे पावसाचे पाणी आम्लधर्मी आणि लोहयुक्त. बॉयलरच्या रासायनिक धुलाईचे पाणी वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळी निघते, पण त्यात लोह, तांबे आणि धातूंना विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवणारी रसायने असतात. हे शेवटचे पाणी विहिरीच्या टाकीकडे वळवूच नका, ते वेगळे हाताळा.

सर्वांत अवघड आहे ते स्क्रबरचे पाणी. चुनखडीच्या ओल्या स्क्रबरमध्ये धुरातला सल्फर डायऑक्साइड कॅल्शियमला पकडून जिप्सम होतो. कोळशातले क्लोरीन मात्र पाण्यातच साचत जाते. क्लोराइड वाढले की स्क्रबरचा मिश्रधातू धोक्यात येतो, म्हणून काही पाणी सतत बाहेर काढावे लागते. या पाण्यात क्लोराइड लिटरमागे काही हजार ते वीस हजार मिलिग्रॅमपर्यंत असते, मॅग्नेशियम व कॅल्शियम मुबलक असतात, बोरॉन असते, आणि जिप्समच्या बाबतीत ते संपृक्त किंवा अतिसंपृक्त असते. पारा पकडण्यासाठी कोळशात ब्रोमाइड मिसळत असतील तर तेही याच पाण्यात उतरते. कोळसा बदलला की पाणी बदलते. इलिनॉय खोऱ्याच्या कोळशाचे पाणी आणि वायोमिंगच्या पावडर नदीच्या खोऱ्यातल्या कोळशाचे पाणी एकमेकांच्या जागी धरता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी केंद्राच्या लोकांना विचारायचा प्रश्न हा: पुढच्या दहा वर्षांत कोणता कोळसा जाळणार आहात?

प्रत्येक प्रवाहाचा नमुना स्वतंत्र घ्या आणि त्यांना एकत्र करायचे की नाही हे नंतर ठरवा. अनेक केंद्रांत सगळे एका तलावात जाते आणि तिथेच साक्याची पहिली निर्मिती होते. ती विहिरीत होण्यापेक्षा तलावात झालेली बरी, पण ती योजून झालेली असावी.

बाटलीत काय आले?

नमुन्याच्या बाबतीत मी फार आग्रही आहे, कारण पुढचे सगळे गणित त्यावर उभे राहते. पीएच, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, ऑक्सिडीकरण-क्षपण विभव आणि अल्कलिनिटी ही मोजमापे जागेवरच करायची. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून जातो, लोहाला गंज चढतो आणि हे आकडे खोटे होतात. धातूंसाठीचे पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून मग नायट्रिक आम्ल घालायचे. न गाळलेल्या नमुन्यात आम्ल घातले तर तरंगता जिप्सम विरघळतो आणि कॅल्शियमचा आकडा फुगतो. सल्फेट मात्र आम्ल न घातलेल्या दुसऱ्या बाटलीतून मोजले जाते, त्यामुळे ते फुगत नाही. कागदावर पाण्याचे एक असे रसायन तयार होते जे प्रत्यक्षात कुठेच नसते.

हे पकडण्याची जुनी आणि बिनखर्चाची युक्ती म्हणजे विद्युतभाराचा ताळा. समजा, स्क्रबरच्या पाण्यात लिटरमागे क्लोराइड ९,५०० आणि सल्फेट १,२०० मिलिग्रॅम आहे. क्लोराइडला ३५.४५ ने आणि सल्फेटला ४८ ने भागा. २६८ आणि २५ मिळून ऋणभार २९३ मिलिइक्विव्हॅलंट झाला. दुसऱ्या बाजूला कॅल्शियम ३,८००, मॅग्नेशियम १,००० आणि सोडियम ५००. यांना अनुक्रमे २०, १२.१५ आणि २३ ने भागले की १९०, ८२ आणि २२ येतात, म्हणजे धनभार २९४. ताळा जमला. आता कॅल्शियम ३,८०० ऐवजी ५,००० आले असते तर धनभार ३५४ झाला असता आणि तफावत ९ टक्क्यांच्या वर गेली असती. पाच टक्क्यांपेक्षा जास्त तफावतीचा अहवाल स्वीकारू नका, परत पाठवा. प्रयोगशाळा नामांकित आहे म्हणून ताळा सोडून देण्याचे कारण नाही.

बाटलीच्या तळाशी स्फटिक दिसले तर तेही लिहून ठेवा. अतिसंपृक्त पाणी वाटेतही जिप्सम टाकत राहते. तो साका म्हणजे वाया गेलेला नमुना समजून फेकू नये, पाणी पुढे विहिरीच्या नळीत कसे वागेल याची ती आगाऊ खबर असते.

जास्त क्लोराइडच्या पाण्यात आर्सेनिक मोजताना यंत्रच फसते. आयसीपी-एमएस यंत्रात आर्गॉन आणि क्लोरीन यांच्या जोडीचे वस्तुमान ७५ येते, आणि आर्सेनिकचेही ७५ च आहे. सेलेनियमच्या बाबतीत ब्रोमीन अशीच गफलत करते. प्रयोगशाळेला कोलिजन किंवा रिॲक्शन सेल वापरली का, हे लेखी विचारा. पाऱ्यासाठी नॅनोग्रॅमच्या पातळीची पद्धत आणि स्वच्छ हातांचा नमुना लागतो. हे सगळे परवान्याला हवे असते आणि ते करावेच लागते. माझे म्हणणे एवढेच की वेळ आणि पैसा इथेच संपवू नये.

एका दिवसाचा एक नमुना पुरत नाही. उन्हाळा, हिवाळा, पूर्ण भार, अर्धा भार, कोळशाची नवी खेप, युनिट बंद होऊन पुन्हा सुरू होतानाची वेळ, या सगळ्यांतून नमुने घ्या आणि सरासरी काढून थांबू नका. विहीर सरासरीने तुंबत नाही, सर्वांत वाईट दिवसाने तुंबते.

खडकातले पाणी

आता दुसरी बाजू. ज्या थरात पाणी सोडायचे तिथे आधीच पाणी आहे, बहुधा लाखो वर्षांपासून. त्याचे रसायन माहीत नसताना तुमच्या पाण्याचे कितीही बारीक विश्लेषण केले तरी निम्मेच काम झाले. अमेरिकेचे नियमही थराचा दाब, तापमान, खडक फुटण्याचा दाब आणि खडकाची व त्यातल्या पाण्याची भौतिक-रासायनिक वैशिष्ट्ये मागतात. पण अर्जदार अनेकदा तीस मैलांवरच्या जुन्या तेलविहिरीचा आकडा लावून मोकळे होतात.

सुरुवातीच्या अंदाजासाठी जुने आकडे चालतील. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने तेल-वायू क्षेत्रांतून निघालेल्या पाण्याचा राष्ट्रीय संग्रह मोफत खुला केला आहे. त्यात आपला थर शोधा आणि सर्वांत आधी बेरियमचा रकाना पाहा. एक खूण लक्षात ठेवा. एकाच खडकातल्या पाण्यात भरपूर बेरियम आणि भरपूर सल्फेट एकत्र नांदत नाहीत, कारण त्यांचे बेरियम सल्फेट, म्हणजे बॅराइट, होऊन ते खाली बसते. दोन्ही एकाच नमुन्यात मोठे दिसले तर तो नमुना ड्रिलिंगच्या चिखलाने भेसळलेला आहे असे समजा. त्या चिखलाला वजन आणण्यासाठी बॅराइटच वापरतात.

चाचणी-विहीर खोदल्यावर स्वतःचा नमुना घ्यायचाच. विद्युतवाहकता, पीएच आणि क्लोराइड स्थिर होईपर्यंत पाणी उपसत राहा. घाई झाली तर खडकाच्या पाण्याऐवजी ड्रिलिंगचे पाणी बाटलीत येते. वर येताना दाब कमी होऊन वायू निघून जातो आणि पीएच चढतो, म्हणून वर मोजलेला पीएच हा खालचा पीएच नव्हे. गणिताने तो खालच्या दाब-तापमानाला परत न्यावा लागतो. सोबत खडकाचे नळकांडे, म्हणजे कोअर, काढा आणि त्यातली खनिजे तपासा. वालुकाश्मात फुगणारी माती, म्हणजे स्मेक्टाइट, आहे का हा तिथला कळीचा प्रश्न असतो.

दोन पाण्यांची भेट

इथे थोडे थांबू, कारण मामला इथेच ठरतो.

पुन्हा वरचेच उदाहरण घ्या. तुमच्या पाण्यात सल्फेट १,२०० आहे आणि खडकाच्या पाण्यात बेरियम २० मिलिग्रॅम. बेरियमचा हा आकडा कुणाला क्षुल्लक वाटेल. दोन्ही पाणी अर्धे-अर्धे मिसळले की बेरियम १० आणि सल्फेट ६०० उरते. बॅराइटची विद्राव्यता इतकी कमी आहे की खाऱ्या पाण्यातली तिची वाढ हिशेबात धरली तरी हे मिश्रण मर्यादेच्या कितीतरी पट वर जाते. जवळजवळ सगळे बेरियम साक्यात उतरेल, आणि लिटरमागे १० मिलिग्रॅम बेरियमचे १७ मिलिग्रॅम बॅराइट होईल. हजार घनमीटर मिश्रणात १७ किलो. तेही आम्लाने न धुतले जाणारे. कॅल्शियम कार्बोनेट हायड्रोक्लोरिक आम्लाने निघते, बॅराइट निघत नाही. शिवाय खडकाच्या पाण्यात रेडियम असेल तर ते बॅराइटच्या स्फटिकात शिरून बसते, आणि पुढे विहिरीच्या दुरुस्तीत निघालेला साका किरणोत्सर्गी म्हणून हाताळावा लागतो.

पण लगेच प्रकल्पावर काट मारू नका. हे मिश्रण विहिरीच्या तोंडाशी कायम होत नसते. तुमचे पाणी खडकाच्या पाण्याला पुढे ढकलते आणि दोघांची गाठ त्या सरकत्या आघाडीवर पडते. दिवसाला १,००० घनमीटर पाणी ५० मीटर जाडीच्या आणि २० टक्के सच्छिद्रतेच्या थरात सोडले तर वर्षाअखेर ही आघाडी विहिरीपासून साधारण १०८ मीटरवर गेलेली असेल. वीस वर्षांनी ती ४८० मीटरच्या आसपास पोचेल. इतक्या दूर पडलेला साका विहिरीला त्रास देत नाही. धोका असतो तो पहिल्या काही दिवसांत, जेव्हा ही गाठ विहिरीच्या भिंतीलगत पडते आणि सगळा प्रवाह त्याच चिंचोळ्या जागेतून जात असतो. म्हणून आधी सल्फेट आणि बेरियम दोन्ही नसलेले, थराशी जुळणारे मिठाचे पाणी सोडून मध्ये अंतर निर्माण करतात. पंप अनेक दिवस बंद राहिला आणि थराचे पाणी विहिरीकडे परत आले, तर मात्र हीच कसरत पुन्हा करावी लागते. बंद-चालूचे वेळापत्रकही म्हणूनच रसायनाचा विषय ठरते.

जिप्समचा स्वभाव वेगळा आहे. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, पण जिप्समची विद्राव्यता साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंत वाढते आणि नंतर घटते. आणखी चढ्या तापमानाला त्याचे निर्जल रूप, ॲनहायड्राइट, खाली बसू लागते. जमिनीत दर किलोमीटरला तापमान २५ ते ३० अंशांनी चढते. म्हणजे वर टाकीत स्वच्छ दिसणारे पाणी दीड-दोन किलोमीटर खाली जाऊन ॲनहायड्राइट टाकू शकते.

कोलोराडोतील पॅराडॉक्स व्हॅलीचे उदाहरण या बाबतीत शिकण्यासारखे आहे. ते वीजकेंद्र नाही. डोलोरेस नदीत मिसळणारे खारे पाणी उपसून ब्यूरो ऑफ रेक्लमेशन ते चार किलोमीटरहून खोल चुनखडकात दाबत असे. गरम खडकात कॅल्शियम सल्फेट बसेल या भीतीने सुरुवातीला ७० टक्के खाऱ्या पाण्यात ३० टक्के गोडे पाणी मिसळले जाई. पुढे तापमानाची नोंद घेतली तेव्हा दिसले की वर्षानुवर्षे थंड पाणी सोडल्याने विहिरीलगतचा खडक बराच निवला होता, आणि साका पडला तरी तो विहिरीपासून दूर पडला असता. २००२ पासून गोडे पाणी मिसळणे बंद झाले. तापमानाचा आकडा हा एक आकडा नसतो, तो विहिरीच्या वयाबरोबर बदलतो. पहिल्या दिवसाच्या आणि दहाव्या वर्षाच्या तापमानाला वेगवेगळे गणित करा.

लोह आणि ऑक्सिजनची जोडी तितकीच त्रासदायक. खोल थरातल्या पाण्यात लोह विरघळलेल्या अवस्थेत असते, कारण तिथे ऑक्सिजन नसतो. कूलिंग टॉवरमधून आलेले पाणी ऑक्सिजनने भरलेले. दोघे भेटले की तांबडा चिकट साका. शिवाय क्लोराइड आणि ऑक्सिजन एकत्र आले की पोलादी नळी कुरतडली जाते, तिचा गंज आणखी लोह देतो, आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू नळीच्या भिंतीवर बस्तान बसवतात. स्क्रबरमध्ये सेंद्रिय आम्ले किंवा फेसरोधक घालत असतील तर त्या जिवाणूंना खाद्यही मिळते.

वालुकाश्मात आणखी एक धोका आहे. खडकाचे पाणी खूप खारे आणि तुमचे पाणी त्या मानाने गोडे असले तर स्मेक्टाइट फुगते, केओलिनाइटचे बारीक कण सुटतात आणि छिद्रांच्या तोंडाशी अडकतात. हे नुकसान बहुतेकदा परत फिरवता येत नाही. यावर कागदी गणिताचा भरवसा धरू नका. खऱ्या कोअरमधून खरे पाणी, थराच्या तापमानाला आणि दाबाला, अनेक दिवस वाहवून पार्यता किती घटते ते मोजा. ही चाचणी महाग वाटते, पण विहिरीच्या किमतीपुढे ती किरकोळ आहे.

गणितासाठी फ्रीक्सी ही भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचीच संगणक-प्रणाली मोफत मिळते. दोन पाणी निरनिराळ्या प्रमाणात मिसळून, प्रत्येक मिश्रणात प्रत्येक क्षाराचा संपृक्तता निर्देशांक काढा. शून्य म्हणजे समतोल, अधिक म्हणजे क्षार बसण्याकडे कल. ९०-१०, ७०-३०, ५०-५०, ३०-७०, १०-९० अशी सगळी प्रमाणे तपासा, कारण सर्वांत वाईट मिश्रण नेहमी मधोमध असते असे नाही. पाणी समुद्रापेक्षा खारे असेल तर पिट्झर समीकरणांवर आधारलेला माहितीसंच निवडा. नेहमीचा संच तिथे चुकीची उत्तरे देतो आणि चुकल्याचे सांगतही नाही.

उपाय आणि उपायांचे दुष्परिणाम

शुद्धीकरणाची योजना आखताना प्रत्येक रसायन पाण्यात काय मागे ठेवते हे पाहा. ऑक्सिजन काढण्यासाठी सोडियम बायसल्फाइट घालतात, त्याचे सल्फेट होते. कूलिंग टॉवरचा पीएच उतरवण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल घालतात, त्याचेही सल्फेट होते. थरात बेरियम असेल तर आधी हे सल्फेटचे नळ बंद करता येतात का ते बघा.

पाण्याचे आकारमान कमी करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण कमी पाणी म्हणजे छोटा पंप आणि कमी विहिरी. पण आरओने आटवलेले पाणी स्केलरोधकाच्या जोरावर अतिसंपृक्त अवस्थेत तरलेले असते. ते रसायन साका थोपवते ते काही काळापुरते. खडकाच्या कणांवर ते चिकटून गेले की उरलेले पाणी आपला क्षार तिथेच टाकते. माझ्या मते विहिरीसाठी थोडे जास्त पण असंपृक्त पाणी हे कमी पण काठावरच्या पाण्यापेक्षा बरे.

गाळाच्या बाबतीत सवलत नको. लिटरमागे १० मिलिग्रॅम गाळ फारच थोडा वाटतो, पण दिवसाला १,००० घनमीटर पाण्याबरोबर तो वर्षाला साडेतीन टनांहून अधिक होतो, आणि तो सगळा विहिरीच्या भिंतीवर जाऊन बसतो. वालुकाश्मासाठी वाळूच्या गाळणीनंतर ५ मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक गाळणी ठेवा. समतोलन टाकी मोठी घ्या, म्हणजे वाईट दिवसाचे पाणी चांगल्या दिवसाच्या पाण्यात विरेल.

दक्षिण फ्लोरिडातल्या बोल्डर झोनसारख्या थरात परिस्थिती निराळी आहे. साधारण ९०० मीटरखालचा हा डोलोमाइट गुहांनी आणि भेगांनी भरलेला आहे, त्यात समुद्रासारखे खारे पाणी आहे, आणि तो गाळ सहज पचवतो. तिथे चिंता उलटी असते. हलके पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून वर चढते आणि आच्छादक थरात फट असेल तर त्यातून निसटते. शहरांचे सांडपाणी तिथे असेच वर सरकल्याचे आढळले, आणि त्यामुळे ईपीएला २००५ मध्ये फ्लोरिडाच्या नगरपालिका विहिरींसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. म्हणून घनतेचा फरकही रसायनाच्या अहवालात लिहा.

विहीर सुरू झाल्यावर

साका पडू लागला की तो दिसत नाही, दाब दिसतो. त्याच प्रवाहाला दाब हळूहळू चढू लागला तर वाट पाहू नका. दाब गुणिले काळ यांची बेरीज एका अक्षावर आणि सोडलेल्या पाण्याची बेरीज दुसऱ्या अक्षावर मांडली की हॉलचा आलेख तयार होतो. त्याची रेघ वर वळू लागली म्हणजे विहीर तुंबते आहे, खाली वळली तर कुठेतरी भेग पडली असण्याची शंका घ्या. पंपाचा दाब वाढवून प्रवाह टिकवण्याचा मोह टाळा. दाबाने थरात नव्या भेगा पडता कामा नयेत आणि आच्छादक थराला तर कधीच इजा होता कामा नये, असा नियम आहे. डेन्व्हरजवळ रॉकी माउंटन आर्सेनलच्या विहिरीत १९६२ पासून सांडपाणी दाबले गेले आणि भूकंप सुरू झाले. १९६६ मध्ये पाणी सोडणे थांबवले, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये आले. पॅराडॉक्स व्हॅलीतही मार्च २०१९ मध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का बसल्यावर काम थांबवावे लागले.

काही अहवालांचा शेवट ‘नको’ असाच असायला हवा. थरात बेरियम जास्त आणि तुमचे सल्फेट कमी करता येत नाही, वालुकाश्मात फुगणारी माती भरपूर, जवळच्या जुन्या तेलविहिरी नीट बुजवलेल्या नाहीत, किंवा कोळशाचा पुरवठा इतका अस्थिर की पाण्याचे रसायन सांगताच येत नाही, यांपैकी काहीही असेल तर बाष्पीभवन किंवा राखेत मिसळून घट्ट करणे हे महाग पर्याय अखेरीस स्वस्त पडतात. तसे लिहिण्याचे धैर्य सल्लागाराने दाखवावे.

आणि महाराष्ट्रात?

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वाचकांना प्रश्न पडेल, आपल्याकडे हे करता येईल का? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टचा आहे, आणि त्याच्या भेगांतले पाणी गावे पितात व शेते वापरतात. कोयनेच्या परिसरात घेतलेल्या वैज्ञानिक छिद्रात ९३३ मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस लागले, मध्ये गाळाच्या सच्छिद्र खडकाचा थर सापडलाच नाही. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर आपल्या खडकात दाबाशी खेळण्याचा विचारही जपून करायला हवा. चंद्रपूरच्या बाजूला गोंडवाना वालुकाश्म आहेत, पण तेच तिथले भूजल आणि तिथेच कोळशाच्या खाणी. आपल्या केंद्रांसाठी वाट आहे ती पाणी वाचवण्याची आणि पुन्हा वापरण्याची. कोराडी केंद्र नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरते, ही त्या वाटेवरची खरी प्रगती आहे. त्या पाण्यालाही हेच रसायन लागू पडते. विद्युतभाराचा ताळा, संपृक्तता निर्देशांक, सिलिका आणि फॉस्फेटचा हिशेब, सगळे तसेच.

या लेखातले काहीही वाचून कुणी कारखान्याचे पाणी जवळच्या बोअरमध्ये सोडण्याचे समर्थन करत असेल, तर त्याला १९७४ चाच आपला जलप्रदूषण प्रतिबंध कायदा दाखवा. त्याच्या व्याख्येत ‘प्रवाह’ या शब्दात जमिनीखालचे पाणीही येते, आणि कलम २४ नुसार प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास मनाई आहे. तुमच्या परिसरात असे होताना दिसले तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा, आणि आसपासच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने लगेच घेऊन ठेवा.